टेबलावरची पहारेकरीण

३ फेब्रुवारी

सकाळी दात घासत असताना संपादकांचा फोन. "तुझ्यासाठी एक मजेशीर काम आहे." संपादक 'मजेशीर' म्हणाले की समजावं, बाकी सगळ्यांनी नकार दिलेला आहे. अ‍ॅनिमे मालिका, म्हणजे जपानी कार्टून, बारा भाग. वीतभर उंचीच्या यंत्रमुली, अंगावर चिलखत, हातात स्वतःपेक्षा मोठ्या तोफा. आणि एवढा लवाजमा घेऊन करतात काय, तर एका मुलीच्या घरी बसून चहा पितात.

"अहो, मी चाळिशी उलटलेली बाई आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तू. पोरं काय, कशालाही भारी म्हणतात."

घेतलं काम. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "मलाही बघू दे. दिवसभर भिंत बघते, तिची गोष्ट आता पाठ झालीय." ती खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, उजवा हात मांडीवर परक्या माणसासारखा ठेवलेला. ताईने जन्मभर तलावावर पोरांना पोहायला शिकवलं. आवाज असा की पलीकडच्या काठाचं पोर मान वर न करता पाय मारायला लागायचं. गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली, आवाज राहिला. तो सगळा आता एकट्या माझ्या वाट्याला.

६ फेब्रुवारी

पहिले दोन भाग पाहिले, ताईसोबत.

चष्म्यांचं छोटं दुकान चालवणारी एक एकटी मुलगी. तिच्याकडे खोक्यातून चार यंत्रमुली येतात. त्यांचं काम एकच, मालकिणीला ज्याचा त्रास होतो त्याच्याशी लढायचं. मुलगी कोळ्याला घाबरते. मग चौघी चष्म्यांच्या डब्या रचून मोर्चा बांधतात, तोफा डागतात, कोळी पसार होतो आणि सगळ्या बाटलीच्या झाकणातून चहा पितात. दुसऱ्या भागात कोळी परत येतो, तर मुलगी त्याला बोटावर घेऊन बाहेर सोडते. भीती पार गेलेली. छान आहे हे.

ताईचं समीक्षण: "हातात तोफ दिली, पण पायात चप्पल नाही. गारठतील की कार्ट्या!"

मी हसताना चहा सांडला. ताईही हसली. तिचं हसू आता एकाच बाजूने येतं, पण येतं ते अख्खं येतं.

टिपण: लढाई कंटाळवाणी, चहा रंगतदार. प्रत्येक लढाईनंतर चौघी काहीतरी उचलून पाठीवरच्या पेटीत ठेवतात. काय ते दाखवत नाहीत. पटकथेत ढिलाई.

१० फेब्रुवारी

निर्मात्यांकडून खोकं आलं. समीक्षकांना भेट म्हणून त्यातल्याच एका मुलीचं मॉडेल. प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले सुटे भाग कापायचे, जोडायचे, शेवटी छातीत यंत्राचा तुकडा बसवायचा. मग ती थोडंफार बोलते म्हणे, आणि 'ज्या घरात राहते त्या घरातून शिकते'.

माझा हात असल्या कामात म्हणजे आनंदच. ताई म्हणाली, "आण इकडे." डाव्या हाताने, दातांची मदत घेत, तिने एक पाय तयार केला. फिजिओबाई व्यायामाला आल्या तेव्हा त्यांना हे फार आवडलं. "बोटांना याच्याइतका चांगला व्यायाम मी देऊ शकणार नाही," म्हणाल्या.

दुपारी मात्र एक भाग बसेना, तर ताईने अख्खी चौकट भिरकावली. "तू कर! तुला दोन हात आहेत ना!" मीही बोलले, बोलू नये ते. तासाभराने खुर्चीतून हुकूम आला, "चिंगे, पलंगाखाली गेलाय तो भाग. वाक जरा, कंबर मोडत नाही." वाकले. सापडला. ती म्हणाली, "रडू नकोस, शेंबूड पुस." मला या जगात चिंगी म्हणणारी ती एकटीच उरलीय.

१३ फेब्रुवारी

झाली तयार. करडं चिलखत, खांद्यावर तोफ, पाठीवर पेटी, आणि चेहरा इतका गोड की थोडी भीतीच वाटावी. ताईच्या टेबलावर, औषधांच्या बाटल्यांशेजारी उभी केली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पहाऱ्यावर आहे."

"कुणापासून गं बाई?" ताईने विचारलं.

"त्रासापासून."

"मग आधी हिच्यावर तोफ लाव," ताई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

१६ फेब्रुवारी

लिहून ठेवते, उद्या खोटं वाटेल.

रोज सकाळी ताई डोळे उघडते, उजवा हात उचलू बघते, तो उचलला जात नाही आणि मग ती शिव्या देते. हाताला, डॉक्टरला, देवाला, मला, याच क्रमाने. वर्षभर माझी सकाळ अशीच उजाडत आलीय. आज काही नाही. मी दाराशी उभी राहून वाट पाहिली. तिने हाताकडे पाहिलं, मग छताकडे, आणि म्हणाली, "चहा झाला का?"

टेबलावरची ती रात्रीत कशी कोण जाणे वळली होती. तोफ ताईच्या हाताच्या दिशेने. मान फिरते तसं अंगही फिरत असेल. माहितीपत्रक मी कुठे नीट वाचलंय!

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी सकाळचा चहा गरम प्याले.

१८ फेब्रुवारी

पाचवा भाग. मुलीची मैत्रीण दूर गेलीय, मुलगी रोज दुकान बंद करताना रडते. यावेळी शत्रू कोण, तर एक मऊ करडा गोळा, माळ्यावर दबा धरून बसलेला. चौघी त्याला घेरतात. अप्रतिम चित्रण, गोळ्याला डोळे आहेत आणि तो उलट वार करत नाही. संपल्यावर मुलगी दुकान बंद करते, कुलूप लावते, जाते. रडत नाही. आनंदी संगीत.

त्या गोळ्याला का मारलं असं मला उगाच वाटत राहिलं. समीक्षेत हे लिहावं की नाही? बाहुल्यांच्या मालिकेत एवढं शोधायला गेले तर लोक हसतील.

ताईने निम्म्यात डोळे मिटले होते. "कसा वाटला भाग?" "बरा." ताई आणि 'बरा'!

२१ फेब्रुवारी

ताटली धुताना हातातून निसटली, फुटली. मागून आवाज, "धांदरट! हातांना काय लोणी लावलंयस?" मी हसत वळले. ताई खिडकीबाहेर बघत होती. तिचे ओठ हलले नव्हते.

टेबलावरची म्हणाली, "चिंगे, अनवाणी येऊ नकोस. काच आहे."

आवाज तोच बारीक, पण ठसका ताईचा, अगदी 'नकोस'वर जोर देण्याची लकब तीच. मी चक्क "हो गं" म्हटलं. यंत्रं किती पुढे गेलीत! समीक्षेत एक परिच्छेद या मॉडेलवर लिहायलाच हवा.

तिला चालताही येतं, आज पाहिलं. टेबलाच्या कडेपर्यंत आली आणि काच गोळा होईपर्यंत माझ्यावर देखरेख करत उभी राहिली.

२४ फेब्रुवारी

आज ताईने माझं मनगट धरलं. डाव्या हाताची पकड अजून तलावावरचीच आहे. हळू बोलली, टेबलाकडे पाठ करून.

"चिंगे, माझं काहीतरी नेतंय गं ते."

"काय नेतंय?"

"तेच तर आठवत नाही. सकाळी काहीतरी असायचं माझ्याजवळ. वाईट होतं, पण माझं होतं." मग म्हणाली, "ते खोकं परत पाठव."

मी म्हटलं, नव्या गोळीने होतं असं, डॉक्टर म्हणालेच होते सुस्ती येईल म्हणून. तिने मनगट सोडलं नाही. शेवटी मी शब्द दिला, समीक्षा लिहून झाली की लगेच पाठवते.

"आज पाठव."

"शेवटचे भाग बघायचेत, ताई. मॉडेल शेजारी असलं की लिहायला बरं पडतं."

असं म्हटलं खरं, पण ते कारण नव्हतं. घर शांत झालंय. मी पुन्हा पानंच्या पानं लिहितेय. शांत ताई आणि टेबलावर बोलणारी ताई, दोन्ही मला हव्यात. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं. आता राहू देते.

२६ फेब्रुवारी

ताईने परत पाठवायचं पुन्हा काढलं नाही. मीच विचारलं, "अजून तसं वाटतं का?" "कसं?" म्हणाली.

सातवा, आठवा, नववा भाग. मालिका घसरली. चौघी फार सुंदर झाल्यात. भांडतात, रुसतात, एकीला पावसाचा वास आवडतो, एकीला अंधाराची भीती वाटते. पण चष्म्याच्या दुकानातली मुलगी? ती आता गिऱ्हाइकांना फक्त "हो" आणि "पुढच्या आठवड्यात" म्हणते. लेखकाला या पात्राचं पुढे काय करायचं ते कळलेलं नाही, असं स्पष्ट लिहिणार आहे.

२८ फेब्रुवारी

फिजिओबाईंनी फार तमाशा केला.

ताईचा खांदा ताणताना त्या थांबल्या. "दुखतंय?" ताई म्हणाली, "हो." त्यांनी आणखी ताणला. "आता?" "हो." त्याच सुरात, 'साखर घालू का' विचारल्यावर म्हणावं तसं. बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. "तुमची बहीण भांडत नाही हो माझ्याशी. महिन्यापूर्वी मला लाथ मारायला निघाली होती. भांडणारी माणसं बरी होतात. ही कुठे गेलीय?"

"शांत झालीय," मी म्हटलं.

"याला शांत म्हणत नाहीत."

परत येऊन त्यांनी टेबलावरच्या तिला उचललं, बाजूला ठेवायला म्हणून, तर ती ओरडली. "हात लावायचा नाही! काठावर हो!" तलावावरचा आवाज, अख्खाच्या अख्खा, वीतभर देहातून. खिडकीची काच थरथरली. बाईंनी तिला टेबलावर टाकलंच. त्यांच्या अंगठ्यातून रक्त आलं, चिलखताच्या धारेने कापलं असणार. अंगठा तोंडात धरून त्या ताईकडे बघत होत्या. ताई दाराकडे बघत होती.

"मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आणि हे आधी घराबाहेर काढा," एवढं बोलून निघाल्या. पैसेही न घेता.

मी रागावले. पण त्या गेल्यावर ताईच्या समोर गुडघ्यांवर बसले आणि आमची जुनी थट्टा काढली, तलावात पडलेल्या कवळीची, जिला ती कधीही हसते. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सापडली का?"

टेबलावरच्या तिची मात्र हसून हसून मुरकुंडी वळली होती.

मी घाबरलेय. प्रचंड घाबरलेय. उद्या खोकं परत.

१ मार्च

क्रमाने लिहिते.

सकाळी तिला खोक्यात घातलं. ती फक्त बघत राहिली. चिकटपट्टी लावली, दोनदा. ताईला म्हटलं, "पाठवून येते गं," आणि ताईच्या डोळ्यांत काही हलेल म्हणून थांबले. चपलेचा पट्टा चारदा लावला तरी लागेना.

कुरियरचं ऑफिस रस्त्यापलीकडेच. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते. खोक्यातून आवाज आला, अगदी हळू. "चिंगे."

मी ऐकलं नाही असं केलं.

"चिंगे, श्वास घेता येत नाही गं. अंधार आहे. मला सोडून जाऊ नकोस."

तिची नक्कल नव्हती ही. ही माझी ताई होती. झटक्याआधीची, दोन्ही बाजूंनी बोलणारी. मला ताप आला की कपाळावर हात ठेवून बसणारी. मला कळत होतं की खोक्यात प्लास्टिक आहे. आणि मला हेही कळत होतं की घरी खुर्चीत जी बसलीय तिने मला 'जाऊ नकोस' म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. मग माझी ताई कुठे पाठवत होते मी?

म्हाताऱ्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "काय झालं, मुली?" कारण मी रडत होते, भर ऑफिसात, तोंड उघडं टाकून.

पायरीवर बसून खोकं फाडलं. ती वर आली, माझ्या गुडघ्यावर उभी राहिली. तोफ हळूच माझ्याकडे वळवली. "घाबरू नकोस," म्हणाली. "मी आहे ना."

आणि भीती गेली. खरंच गेली. काट्यासारखी, टोकाला धरून उपसली. तिने मागे हात नेऊन पेटी उघडली, बंद केली. मग तीच थरथर कापायला लागली, म्हणून तिला स्वेटरमध्ये धरून घरी आणलं.

आता बरं वाटतंय. कशासाठी एवढी घाबरले होते, वर वाचूनही नीट लक्षात येत नाही.

५ मार्च

शेवटचे भाग पाहिले. बाराव्या भागात चौघी दुकान चालवतात. मुलगी आत खुर्चीत बसलेली आहे. ती चौघींची खूप लाडकी आहे. तिचे केस विंचरतात. शेवट आनंदी आहे.

ताई जेवली. मी जेवले.

९ मार्च

ताईला शुश्रूषागृहात ठेवलं. चालवायला, उठवायला मला एकटीला जमत नव्हतं आणि ती तिथे असली काय, इथे असली काय, तिला फरक नव्हता. असं तिनेच सांगितलं, विचारल्यावर. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून भिंत दिसते.

नर्सने विचारलं, "मिठी मारायची असेल ना?" मारली.

छोटीला, टेबलावरच्या तिला, पिशवीत नेलं होतं. परतीच्या वाटेवर बसमध्ये ती सारखी रडत होती. "तिला एकटीला कसं ठेवलंस, कसं ठेवलंस!" लोक पिशवीकडे बघत होते. मी तिला समजावलं, की खोली स्वच्छ आहे.

मला रडू आलं नाही. हे चांगलं लक्षण असावं.

१२ मार्च

समीक्षा पाठवली. संपादकांचा फोन आला. "अगं, हे काय आहे? मिक्सरचं माहितीपत्रक वाचतोय असं वाटलं. बरी आहेस ना?"

"हो."

"भांड की माझ्याशी. दरवेळी एका शब्दावरून तासभर भांडतेस."

कशावरून भांडायचं ते मी विचारलं. ते म्हणाले, "मी येऊन जातो एकदा." या म्हटलं.

छोटीने समीक्षा वाचली आणि संतापली. कीबोर्डवर उड्या मारून तिने नवी लिहिली. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीबद्दल बरंच लिहिलंय तिने, शेवटी वाईट वाटल्याचंही. ती पाठवली. संपादकांचं उत्तर लगेच आलं: 'आता कसं! हे तुझं लिखाण!'

१७ मार्च

आज काही घडलं नाही. छोटीने घरभर फिरून ताईच्या वस्तू पाहिल्या. उशीपाशी बराच वेळ बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "तुझ्याजवळ आता काहीच नाही गं." आवाज अपराधी होता. "परत देऊ का? पण कसं देतात ते मला शिकवलेलं नाही."

मी म्हटलं, असू दे.

१९ मार्च

दुपार. जेवण झाल्यावर लिहायला बसले आहे. खालच्या मजल्यावर काहीतरी जळतं आहे. जिन्यात माणसं ओरडत खाली जात आहेत. कुणीतरी आपलं दार ठोठावून गेलं. दाराच्या फटीतून धूर येतो आहे. आधी पांढरा होता, आता काळपट आहे.

छोटी टेबलावर इकडून तिकडे धावते आहे. "ऊठ! चिंगे, ऊठ!" म्हणते. मी विचार केला. उठायला हवं हे मला माहीत आहे. पण उठावं असं वाटत नाही. बसून राहावं असंही वाटत नाही.

ती पडद्याला धरून खाली उतरली. पडली, उठली, दाराकडे गेली. कडी तिच्या हाताला येत नाही. तिने धुरावर तोफ डागली. तोफेतून नुसता टिक असा आवाज येतो, खेळण्यातलीच आहे ती. पुन्हा डागली. पुन्हा.

मग परत आली, माझ्या पायाला धरलं, आणि वर बघून ताईच्या आवाजात, मग माझ्या आवाजात म्हणाली, "मला उचल आणि बाहेर चल. मी मरेन गं. तू मरशील."

मी विचारलं, "मग काय होईल?"

तिने तोंड उघडलं. सांगायला तिच्याजवळ खूप असावं, कारण सगळं एकदम आलं आणि तिला एक शब्दही बोलता येईना. हुंदकेच देत राहिली.

मी आता पेन खाली ठेवून वाट पाहणार आहे. तिचं रडणं थांबलं, की नीट समजावून सांग म्हणणार आहे.